क्रिएटर ऐकायचा कसा? चाळीस वर्षांची थ्रॅश कारकीर्द, पायरी-पायरीने

मेटॅलिका झाला, आयर्न मेडन झाला, स्लेअरही पचला. आता पुढे काय? या वळणावर बऱ्याच जणांना क्रिएटर हे नाव भेटतं. जर्मनीतल्या एसेन शहराचा हा बँड १९८२पासून थ्रॅश, म्हणजे हेवी मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार, वाजवतोय आणि २०२२पर्यंत त्यांचे पंधरा स्टुडिओ अल्बम झाले होते. अडचण तिथेच आहे. स्ट्रीमिंग अ‍ॅप उघडलं की गाजलेली गाणी वर येतात, त्यात १९८६चं आणि २०१७चं गाणं शेजारी-शेजारी, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे दोन वेगळेच बँड आहेत. नाहीतर माणूस शिस्तीत पहिल्या अल्बमपासून सुरू करतो आणि तिसऱ्या गाण्याला बंद करतो.

खालचा क्रम माझा आहे. कट्टर चाहत्यांना तो आवडणार नाही, कारण त्यात १९८६, म्हणजे त्यांचा लाडका ‘प्लेझर टू किल’ हा अल्बम, थेट चौथ्या पायरीवर येतो. आणि नव्वदच्या दशकातले जे अल्बम लोक दोन ओळींत उडवून लावतात, त्यांना इथे चांगला ऐसपैस वेळ दिलाय. हा बँड आज उभा आहे तो त्या दशकात केलेल्या उलट्यासुलट्या खटपटींमुळे, असं माझं ठाम मत आहे. ते का, ते पाचव्या पायरीवर.

घाई करू नका. आठवड्याला एक अल्बम पुरे. सलग तीन ऐकलेत तर सगळं एकसारखं वाटायला लागेल आणि दोष बँडवर जाईल.

पायरी १ : कान तयार करा

आधी फोनमधला बास बूस्ट बंद करा. थ्रॅशमध्ये बास ड्रम इतका भरभर पडतो की फुगवलेल्या बासमध्ये त्याचा नुसता चिखल होतो. आवाजही मध्यम ठेवा. हे संगीत मोठ्यानेच ऐकायचं असतं वगैरे मैफिलीत ठीक आहे. शिकताना मोठा आवाज कान लवकर थकवतो, आणि थकलेल्या कानाला सगळा गोंगाटच वाटतो.

मग ठेका पकडा. पहिल्या ऐकण्यात गिटारकडे लक्षच देऊ नका, स्नेअर शोधा. ड्रमसेटमधला कडक ‘टॅक्’ आवाजाचा तो स्नेअर. साध्या रॉक गाण्यात चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तो पडतो. वेगवान थ्रॅशमध्ये पायाने बास ड्रम धरलात, तर प्रत्येक दोन मात्रांच्या मधल्या जागेत स्नेअर सापडेल : धम्-टॅक्-धम्-टॅक्, न थांबता. एकदा हे कानात बसलं की पुढची गंमत कळते. गाणं मध्येच अर्ध्या लयीत उतरतं, स्नेअर लांब-लांब पडू लागतो आणि मान आपोआप हलते. वेग आणि उतार यांची ही अदलाबदल म्हणजे थ्रॅशचं अर्धं काम.

उरलेलं अर्धं गिटारचं. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) तारांवर हलकेच टेकवून वाजवलं की दबका, तुटक आवाज येतो. हात उचलला की तोच सूर मोकळा होऊन पसरतो. दबका कुठे आणि मोकळा कुठे, एवढंच दुसऱ्या ऐकण्यात टिपा. शब्द तिसऱ्या वेळी. तेव्हा मात्र ते समोर उघडून बसा, कारण बँडचा गायक-गिटारवादक मिले पेट्रोझा याचा आवाज म्हणजे ओरखडा आहे, नुसत्या कानाने शब्द लागणार नाहीत.

पायरी २ : मधूनच शिरा, २००१मध्ये

सुरुवात ‘व्हायोलंट रिव्होल्यूशन’पासून करा. दहावा अल्बम. निर्माता अँडी स्नीप. ध्वनिमुद्रण इतकं स्वच्छ की प्रत्येक वाद्य वेगळं काढून ऐकता येतं. नवशिक्याला दुसरं काय हवं?

शीर्षकगीताच्या आधी ‘द पेट्रिआर्क’ नावाचा जेमतेम मिनिटभराचा वाद्यांचा तुकडा आहे. तो कधीही वगळू नका. त्यात गिटार एक सरळ, गुणगुणता येईल अशी धून वाजवते, आणि तिथूनच मुख्य गाण्यात पाऊल पडतं. हे गाणं फार वेगवान नाही. थ्रॅश म्हणजे नुसती पळापळ असा समज असेल तर तो इथेच निकालात निघतो. धून वाजवणारा सामी युली-सिर्निओ हा फिनलंडचा गिटारवादक या अल्बमपासून बँडमध्ये आला आणि पुढे कायमचा राहिला. क्रिएटरच्या गिटारीत आज जो गोडवा ऐकू येतो, त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

यानंतर लगेच ‘एनिमी ऑफ गॉड’ (२००५). निर्माता तोच, सूर तोच, पण दात जास्त. पहिली दोन गाणी, शीर्षकगीत आणि ‘इम्पॉसिबल ब्रुटॅलिटी’, पाठोपाठ ऐका. इथवर आवडलं नाही, तर खुशाल थांबा. मागे जाऊन फारसं काही बदलणार नाही.

पायरी ३ : १९८९-९०, बर्लिनची भिंत आणि दोन अल्बम

आता मागे. ‘एक्स्ट्रीम अग्रेशन’ (१९८९) आणि ‘कोमा ऑफ सोल्स’ (१९९०), दोन्ही अमेरिकी निर्माता रँडी बर्न्सबरोबर केलेले. जर्मन पोरांचा राकट बँड इथे घासूनपुसून बाहेर आला. ‘बिट्रेयर’चा व्हिडिओ अथेन्सला जाऊन चित्रित केला आणि तो एमटीव्हीवर लागू लागला.

दोन्हींत माझी पसंती ‘कोमा ऑफ सोल्स’ला. ‘व्हेन द सन बर्न्स रेड’ची सुरुवात शांत, सुरेल आहे, आणि मग एकदम दार लाथेने उघडावं तसं गाणं सुटतं. ‘पीपल ऑफ द लाय’ मात्र मुद्दाम संथ ठेवलंय. विषय नवनाझींचा, आणि काळ कुठला ते बघा : ऑक्टोबर १९९०मध्ये दोन जर्मनी एक झाले, आणि त्याच शरद ऋतूत हा अल्बम आला. गाण्याची चाल इतकी साधी आहे की गिटार शिकणाऱ्यानेही हात मारून पाहावा. पहिल्या पायरीवर सांगितलेला दबका-मोकळा हिशेब इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

या पायरीवर एक मैफल बघायचीच आहे. ४ मार्च १९९०, पूर्व बर्लिन, वेर्नर-झेलेनबिंडर-हाले. भिंत पडून चार महिने झालेले, पूर्व जर्मनी हा देश अजून नकाशावर होता आणि तिथली पहिली मुक्त निवडणूक दोन आठवड्यांवर आलेली. अशा वेळी त्या सरकारी क्रीडागृहात क्रिएटर, टँकार्ड, स्वित्झर्लंडचा कॉरोनर आणि इंग्लंडचा सॅबट हे चार बँड एका दिवसात वाजले. चित्रीकरण उपलब्ध आहे. मंचापेक्षा गर्दीकडे जास्त बघा.

त्या दिवसाच्या यादीतली दोन नावं लक्षात ठेवा. सॅबटचा गिटारवादक होता अँडी स्नीप, म्हणजे आपल्या दुसऱ्या पायरीवरचा निर्माता. आणि कॉरोनरचा गिटारवादक टॉमी फेटरली पुढे काही वर्षं क्रिएटरमध्येच वाजवून गेला. या क्षेत्रात माणसं अशी फिरून-फिरून भेटतात. ते हॉल मात्र १९९३मध्ये पाडलं.

पायरी ४ : एसेन, आणि पहिले तीन अल्बम

आता कुठे मुळाशी जायचं. त्याआधी पाच मिनिटं नकाशा उघडा. एसेन हे रूर खोऱ्यातलं शहर, कोळसा आणि पोलादाचं. त्याच्या उत्तर भागात आल्टेनेसेन ही कामगारवस्ती, तिथली ही पोरं. मिलेचे वडील इटलीतल्या कलाब्रिया भागातले. ड्रमवर युर्गन राइल, ज्याला सगळे व्हेंटर म्हणतात. बासवर रॉब फिओरेट्टी. बँडचं नाव आधी ‘टॉरमेंटर’ होतं, पहिल्या अल्बमच्या सुमाराला ‘क्रिएटर’ झालं. वस्तीतल्या त्सेखे कार्ल या बंद पडलेल्या खाणीच्या इमारतीत तोवर सांस्कृतिक केंद्र सुरू झालेलं होतं. शेजारच्या भागातली त्सोलफेराइन ही एसेनमधली शेवटची कोळसाखाण. ती डिसेंबर १९८६मध्ये बंद झाली, त्याच वर्षी ‘प्लेझर टू किल’ आला. खाण बंद झाली म्हणून अल्बम असा झाला, असं सोपं गणित मी मांडणार नाही. पण बापजाद्यांचा रोजगार डोळ्यांदेखत संपत असताना अठरा-वीस वर्षांची पोरं तळघरात काय वाजवत होती, हे त्या आवाजात ऐकू येतं.

पहिला ‘एन्डलेस पेन’ (१९८५), बर्लिनच्या नॉइझ रेकॉर्ड्सचा. तेव्हा मिले सतरा वर्षांचा होता. ध्वनिमुद्रण कच्चं, ठेका मध्येच पुढे धावतो, आणि गायक दोन : शीर्षकगीतात व्हेंटर ओरडतो, ‘फ्लॅग ऑफ हेट’मध्ये मिले. अख्खा अल्बम एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. हीच दोन गाणी घ्या, आवाज ओळखायला शिका आणि पुढे चला.

थांबायचं ते ‘प्लेझर टू किल’पाशी. निर्माता हॅरिस जॉन्स. सुरुवातीला ‘क्वायर ऑफ द डॅम्ड’ हा मंद वाद्यतुकडा आणि त्याच्या मागून ‘रिपिंग कॉर्प्स’. पहिल्यांदा ऐकताना सगळे एकमेकांना मागे टाकायला धावताहेत असं वाटतं, आणि ते बरंचसं खरंही आहे. व्हेंटर घड्याळाच्या काट्यावर वाजवणारा ड्रमर नव्हे. तो गाण्याच्या पुढे अर्धं पाऊल असतो, गिटार त्याला गाठायला बघते, आणि या ओढाताणीतून जो ताण तयार होतो तो आजच्या संगणकावर सरळ केलेल्या ड्रममध्ये कधीच येत नाही. डेथ मेटल, म्हणजे थ्रॅशहून क्रूर आणि घोगऱ्या आवाजाचा प्रकार, म्हणून पुढे जे काही ओळखलं गेलं, त्यातली बरीच मंडळी या अल्बमवर वाढली.

तीन गाणी बारकाईने ऐका. शीर्षकगीत वेगासाठी. ‘रायट ऑफ व्हायोलन्स’ उतारासाठी. हे व्हेंटर गातो, लय जड आहे, आणि इतक्या धुमाळीत एक संथ गाणं किती मोठं वाटू शकतं ते इथे समजतं. आणि ‘द पेस्टिलन्स’, जवळपास सात मिनिटांचं. यात भाग किती वेळा बदलतात ते कागदावर मांडत जा : इथे वेग, इथे उतार, इथे परत पहिली चाल. हा उद्योग शाळकरी वाटेल, पण एकदा करा. गोंगाटात रचना असते ही गोष्ट सांगून पटत नाही, मोजून पटते.

‘टेरिबल सर्टन्टी’ (१९८७) हा ‘प्लेझर टू किल’ आणि तिसऱ्या पायरीवरचे अल्बम या दोन टोकांमधला पूल आहे. हात बसलेले, चाली गुंतागुंतीच्या. ‘टॉक्सिक ट्रेस’मध्ये रक्तामांसाऐवजी प्रदूषण आलं, आणि मिलेच्या लिखाणाने तिथून वळण घेतलं ते घेतलंच.

एक व्यावहारिक गोष्ट. हे जुने अल्बम बीएमजी या कंपनीने २०१७पासून नव्याने सुधारून काढले आहेत, अ‍ॅपवर बहुधा तेच मिळतात. आवाज उजळ आहे, तक्रारीला फार जागा नाही. पण मूळ छपाई कुणाकडे ऐकायला मिळाली तर जरूर ऐका. तिच्यातला खरखरीतपणा काही वेगळाच.

पायरी ५ : नव्वदचं दशक, जे सगळे टाळतात

१९९१नंतर थ्रॅशचा बाजार बसला. मेटॅलिकाने वेग कमी करून जग जिंकलं, सिअ‍ॅटलहून ग्रंज हा नवा रॉक प्रकार आला, आणि युरोपातल्या थ्रॅश बँडांपुढे तीनच वाटा उरल्या : बंद करा, तेच वाजवत राहा, नाहीतर बदला. क्रिएटरने बदल निवडला, एकदा नव्हे, चार वेळा.

‘रिन्यूअल’ (१९९२) फ्लोरिडाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत झाला. गंमत अशी की जगभरातले डेथ मेटल बँड ज्या स्टुडिओत आपला आवाज जास्त क्रूर करून घ्यायला जात, तिथे जाऊन क्रिएटरने यंत्रासारखा थंड, औद्योगिक वळणाचा अल्बम केला. मिलेचा कर्कश ओरखडा जाऊन घोगरी आरोळी आली. चाहते खवळले. आज ऐकताना ‘युरोप आफ्टर द रेन’ घ्या. खवळण्यासारखं त्यात फार काही सापडत नाही.

मग घरच विस्कटलं. फिओरेट्टी गेला, आणि ज्याच्याशिवाय क्रिएटरची कल्पना करवत नाही तो व्हेंटरही गेला. ‘कॉज फॉर कॉन्फ्लिक्ट’ (१९९५)वर ड्रम वाजवले व्हिपलॅश या अमेरिकी बँडच्या जो कँजेलोसीने. वाजवणारा पक्का, पण ते गाण्याच्या पुढे अर्धं पाऊल असणं नाही. ऐकून बघा, व्हेंटर काय करत होता ते त्याच्या गैरहजेरीत जास्त कळतं. हा अल्बम मला आवडत नाही, तरी या एका कारणासाठी ऐकाच.

‘आउटकास्ट’ (१९९७)ला व्हेंटर परत आला आणि गिटारवर फेटरली. लय जड, वेग जवळपास नाही. ‘फोबिया’ याच अल्बमवरचं. ज्या काळाला चाहते नाकं मुरडतात त्या काळातलं हे गाणं बँड पुढे वर्षानुवर्षं मंचावर वाजवत राहिला. एवढं एक उदाहरण पुरे व्हावं.

आणि ‘एंडोरामा’ (१९९९). इथे मिले चक्क गातो. गॉथिक रॉक या उदास, काळोख्या प्रकाराच्या अंगाने, स्वच्छ आवाजात. शीर्षकगीतात लाक्रिमोजा या गॉथिक बँडचा गायक टिलो वोल्फ सोबतीला. ‘गोल्डन एज’पासून सुरू करा, आणि हा क्रिएटर आहे हे विसरून.

आता परत दुसऱ्या पायरीवर जाऊन ‘व्हायोलंट रिव्होल्यूशन’ पुन्हा लावा. पहिल्यांदा तो नुसता दणकेबाज थ्रॅश वाटला असेल. या वेळी त्यातल्या धूनांमध्ये ‘एंडोरामा’ ऐकू येईल, आणि संथ लयीवरच्या विश्वासात ‘आउटकास्ट’. लोक त्याला पुनरागमन म्हणतात. पण पुनरागमन करणारा जिथून निघाला तिथे परततो. १९९०चा क्रिएटर ‘द पेट्रिआर्क’ लिहू शकला नसता. चार अल्बम अंगाला लावून घेतले, शिव्या खाल्ल्या, विक्री घटली, आणि मग परत येताना हातात शिकलेलं घेऊन आले. म्हणून ही पायरी गाळणाऱ्यांना पुढचे अल्बम आवडतात, पण ते तसे का झाले ते उमगत नाही.

पायरी ६ : २००९नंतर

इथून वाट सोपी आहे. ‘होर्ड्स ऑफ केऑस’ (२००९) बर्लिनचा निर्माता मोझेस श्नायडर याच्याबरोबर केला, चौघं एकत्र उभे राहून, टेपवर, बरंचसं थेट वाजवून. दुसऱ्या पायरीवरच्या काचेसारख्या स्वच्छ ध्वनीनंतर हा ऐका. खोलीतली हवा जाणवते.

‘फँटम अँटिख्राइस्ट’ (२०१२) आणि ‘गॉड्स ऑफ व्हायोलन्स’ (२०१७) स्वीडनचा निर्माता येन्स बोग्रन याच्याकडचे, भव्य आणि सुरेल. दुसरा तर जर्मनीच्या अल्बम यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला, बँडच्या आयुष्यात पहिल्यांदाच, वयाच्या पस्तिशीत. माझ्या कानाला त्याचा चकचकीतपणा थोडा जास्त होतो, पण ‘टोटॅलिटेरियन टेरर’पुढे तक्रार चालत नाही. त्याच अल्बमवरचं ‘साइड बाय साइड’ समलिंगी द्वेषाविरुद्ध आहे. कवट्या आणि राक्षसांची मुखपृष्ठं बघून ‘हे हिंसेचं संगीत’ म्हणणाऱ्या घरच्या मंडळींना त्याचे शब्द वाचायला द्या.

‘हेट ऊबर आलेस’ (२०२२) निर्माता आर्थर रिझ्कने केला. बासवर आता फ्रेंच फ्रेडरिक लक्लेर्क, ख्रिश्चन गीझलर पाव शतक वाजवून २०१९मध्ये बाहेर पडल्यानंतर आलेला. ‘मिडनाइट सन’ ऐका, त्यात गायिका सोफिया पोर्टानेटचा आवाज आहे. ‘एंडोरामा’ ऐकलेल्याला त्याचं आश्चर्य वाटणार नाही.

पायरी ७ : मंचावरचा क्रिएटर

शेवटी लाइव्ह. दोन पुरे. ‘डाइंग अलाइव्ह’ (२०१३) घरच्या अंगणात, रूरमधल्याच ओबरहाउझेनला मुद्रित झालेला. आणि ‘लंडन अपोकॅलिप्टिकॉन’ (२०२०), डिसेंबर २०१८च्या राउंडहाउसमधल्या मैफिलीचा. जुनी गाणी नव्या गिटारींनी कशी वाजतात ते बघा. ‘प्लेझर टू किल’ची मूळ आवृत्ती आणि राउंडहाउसची आवृत्ती पाठोपाठ लावा, आणि फक्त स्नेअरवर कान ठेवा. माणूस तोच, व्हेंटर. मधे बत्तीस वर्षं.

यापुढे शेजाऱ्यांकडे जायचं असेल तर गेल्सेनकिर्शनचा सोडम आधी, त्यातही ‘एजंट ऑरेंज’ (१९८९). त्यावर गिटार फ्रँक ब्लॅकफायरची आहे. तोच त्यानंतर क्रिएटरमध्ये येऊन ‘कोमा ऑफ सोल्स’ वाजवून गेला, तेव्हा त्याचा हात तुमच्या कानाला एव्हाना ओळखीचा झालेला असेल.